पदरचं काही घालू नये

आमच्या घरात दोन भाषा तीस वर्षं एका छपराखाली नांदत होत्या आणि त्यांची एकमेकींशी ओळख करून द्यायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

पुढच्या ओटीवर वडिलांची शुद्ध मराठी, मागच्या गोठ्यात आईची बोली. मधे स्वयंपाकघर, तिथे दोघंही शक्यतो गप्प असायची. वडील खोडाळ्याजवळच्या आमच्याच पाड्यावर मास्तर होते. आमच्या भाऊबंदांतले पहिले मास्तर! त्यामुळे भाषेच्या बाबतीत ते पुण्याच्या माणसापेक्षाही कडक. (पुण्याचा माणूस निदान झोपेत तरी चुकत असेल. वडील झोपेतसुद्धा ‘नाही’ म्हणत, ‘नाय’ कधीच नाही.) घरात बोलीतला एक शब्द निघाला की हातावर पट्टी. मी आईला ‘आय’ म्हटलं तर पट्टी, आणि ‘आई’ म्हटलं तर आई वळूनच बघायची नाही. तिला वाटायचं, दुसऱ्या कुणाची तरी आई आली असेल.

अशा शिस्तीत वाढल्यामुळे मला बोली कळायची सगळी, पण बोलता यायची ती बैलाला हाकण्यापुरती. तिची कधी गरज पडेल असं वाटलंच नव्हतं. आणि मग नव्वदच्या दशकात एक दिवस वडील मोखाड्याहून एक कागद घेऊन आले.

त्या वर्षांत आमच्या भागाचं नाव पेपरात फार वाईट कारणाने येत होतं. लहान मुलं दगावत होती. बाहेरून डॉक्टर आले होते, चांगले होते, पण ते विचारायचे एक आणि बाया सांगायच्या दुसरंच. मग वर कुणाला तरी शहाणपण सुचलं: रुग्णालयासाठी दुभाषी नेमायचा. जागा एक. तोंडी चाचणी. बोली आणि मराठी दोन्ही यायला हव्यात.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा. बारावी होऊन बरीच वर्षं झाली होती आणि तेव्हापासून मी ओटीवर बसून पाड्याची हवा कशी आहे ते पाहत होतो. माझ्यासाठी ठाण्याला मामेभावाच्या ओळखीने वॉचमनची नोकरी बघून ठेवलेली होती. जायला म्हणून वडिलांनी पत्र्याची ट्रंकसुद्धा आणली होती. आईने त्या ट्रंकेत लगोलग नागली, म्हणजे नाचणी, भरून टाकली. “रिकामी कशाला ठेवाची?” एवढंच म्हणाली. मी ट्रंकेकडे नुसतं पाहिलं तरी ती येऊन झाकण घट्ट बसलंय ना ते बघायची.

“ऐक,” वडील म्हणाले, “ही चाचणी पास झालास तर इथे राहशील. नापास झालास तर दुसऱ्याच दिवशी ठाणे.”

“पण अण्णा, बोली...”

“शिकवीन मी,” वडील म्हणाले. ज्या भाषेसाठी त्यांनी माझ्या तळहातावर दोन पट्ट्या मोडल्या होत्या, तीच भाषा ते मला शिकवणार होते!

कागदाच्या मागे नियम छापले होते. रुग्ण ‘मी’ म्हणाला तर दुभाष्यानेही ‘मी’च म्हणावं, ‘ती असं म्हणते’ म्हणू नये. पदरचं काही घालू नये. काही गाळू नये. आवाज खणखणीत असावा. वडिलांनी हे चार नियम मला पाढ्यांसारखे पाठ करायला लावले आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ओटीवर दवाखाना मांडला. वडील डॉक्टर (गळ्यात सायकलची ट्यूब), आई पेशंट, मधे मी.

“बसा बाई,” वडील म्हणाले. “काय त्रास होतोय?”

मी ते बोलीत सांगितलं. म्हणजे मला वाटलं की बोलीत सांगितलं. आई तोंडाला पदर लावून इतकी हसली की डॉक्टरांना पाणी आणावं लागलं. मग ती म्हणाली, “काय नाय झाला माला.”

“मला काहीही झालेलं नाही,” मी खणखणीत आवाजात म्हणालो.

“अगं, काहीतरी सांग!” डॉक्टर चिडले. “पोटात दुखतंय म्हण. ताप आलाय म्हण.”

“नाय म्हननार. नसलेला दुखना तोंडानं काढू नाय. लागतो तो.”

ही आमच्याकडची जुनी रीत. आजाराचं नाव उगाच घेतलं की त्याला आपलं घर सापडतं, असं मानतात. वडिलांनी तिला विज्ञान समजावलं. आईने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली, नाही अशी. शेवटी वडील वैतागून म्हणाले, “बरं बाई, खोटं नको. खरं काय असेल ते सांग!”

माझ्या वडिलांनी आयुष्यात फार चुका केल्या नाहीत. पण ही एकच चूक सगळ्यांना पुरून उरली.

“खरा सांगू?” आईने पदर सावरला, माझ्याकडे तोंड केलं आणि ती बोलू लागली. मी मन लावून ऐकलं, नियम आठवले आणि मिशीवरून हात फिरवून ओटी दणाणेल अशा आवाजात म्हणालो,

“डॉक्टर! लग्न झाल्यापासून मला मळखाऊ रंगाच्या साड्या मिळतात! माझा नवरा मोखाड्याच्या बाजारातून आपल्या मनाने आणतो. मला एकदाही विचारलेलं नाही. मला लाल साडी हवी आहे!”

वडिलांनी गळ्यातली ट्यूब ओढली. “अगं, मळखाऊ टिकते म्हणून...”

“डॉक्टरांनी नवऱ्याची बाजू घ्यायची नाही,” मी म्हणालो. “नियमात बसत नाही.”

वडील नियमाचे पक्के. त्यांनी घसा खाकरला, ट्यूब नीट केली आणि विचारलं, “हं. हा त्रास कधीपासून आहे?”

“लग्नापासून.”

“काही औषध घेतलं?”

“देनार कोन?” आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वडील शाळेतून यायच्या आधीच आई केस विंचरून ओटीवर येऊन बसली होती. “आज डॉक्टर उशिरा आला,” असंही म्हणाली. तीस वर्षं जी बाई वडिलांशी ‘भाकरी वाढू का’च्या पलीकडे फारसं बोलली नव्हती, तिला मधे एक माणूस मिळाल्याबरोबर तिने जुने हिशोब काढायला घेतले. मी मोठमोठ्याने म्हणत होतो, “माझ्या माहेरच्यांना हा ‘तुमची मंडळी’ म्हणतो!” मी म्हणत होतो, “माझा नवरा मला बोलू देत नाही! मी बोलले की तोंडातला शब्द काढून घेतो आणि त्या जागी दुसरा ठेवतो!” आणि वडील, कपाळाला आलेला घाम पुसत, “जेवण जातं का? झोप लागते का?” असं विचारत होते.

आमचं घर कारवीच्या कुडाचं. त्याला भिंत म्हणायची ती सारवलेली होती म्हणून. पलीकडे काशीमावशी राहायची. तिला पहिल्या दिवशी फक्त माझाच आवाज ऐकू गेला. ती धावत आली.

“सुऱ्याचा लगीन कदी झाला?” तिने माझ्याकडे बघत आईला विचारलं. “आन नवरा कोन केलाय त्यानं?”

आईने तिला चाचणीचं समजावून सांगितलं. काशीमावशी गुडघ्याला हात लावून खाली टेकली. मग म्हणाली, “माजा पन सांगल का तो?”

“सांगल की,” आई म्हणाली. मला कुणी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी काशीमावशी आपल्या नवऱ्याला, धावजीकाकाला, दंडाला धरून घेऊन आली. त्याला डॉक्टरच्या जागेवर बसवलं, गळ्यात ट्यूब घातली आणि तिने सुरुवात केली. हा माणूस बाजारातून पिऊन येतो, बोंबलत येतो, कोंबड्यांशी भांडतो, कोंबड्यांनी अंडी देणं सोडलं, आणि असल्या माणसापेक्षा तिने आंब्याच्या झाडाशी लग्न केलं असतं तर निदान सावली तरी मिळाली असती!

मी धावजीकाकाकडे पाहिलं. लहानपणी त्याने मला खांद्यावर बसवून बोहाड्यातली देवांची सोंगं दाखवली होती. माझी जीभ रेटेना. मी म्हणालो, “माझे यजमान अधूनमधून जरा उशिरा घरी येतात.”

“मी असा नाय बोलली!” काशीमावशी उसळली. “पुरा सांग!”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की या अंगणातल्या प्रत्येक माणसाला दोन्ही भाषा व्यवस्थित कळत होत्या. दुभाष्याची तिथे कुणालाच गरज नव्हती! आणि तरीही दुभाषी नसता तर यातलं एक अक्षरही कुणी कुणाला सांगितलं नसतं. मी डोळे मिटून पुरं सांगितलं. कोंबड्यांसकट. आंब्यासकट.

चौथ्या दिवशी आमच्या अंगणात अकरा बाया येऊन बसल्या. प्रत्येकीजवळ एकेक नवरा, काही आपल्या पायाने आलेले, काही आणलेले. मी जरा कुठे शब्द मऊ केला की अकरा जणी एका सुरात, “पुरा सांग!” पाड्यावरच्या चुली उशिरा पेटू लागल्या. धावजीकाकाने बंड केलं: “आता माला पेशंट करा! मी बी सांगन!” मग तो पेशंट झाला आणि काशीमावशी डॉक्टर. त्याने पाऊण तास आपलं दुःख सांगितलं. मी सगळं सांगितलं. काशीमावशीने ट्यूब त्याच्या छातीला लावली, ऐकलं आणि बोलीत निदान केलं.

“या आजारावर औषध उपलब्ध नाही,” मी म्हणालो.

“पुरा सांग!”

“...मर,” मी म्हणालो.

त्यानंतर जे झालं त्यात ट्यूब फाटली, आमची कढई गेली, धावजीकाका-काशीमावशीचं बोलणं तुटलं आणि पाड्यावरच्या दोन घरांचं पाणी भरायला एकत्र जाणं बंद झालं. संध्याकाळी पोलीस पाटील आले. “मास्तर,” ते म्हणाले, “तुमच्या पोराची परीक्षा पाड्याच्या मुळावर आलीय. माझी बायको पन उद्या येनार म्हनते. काय ते बघा!”

वडिलांना लोकांनी असं कधी ऐकवलं नव्हतं. ते तसेच आत आले. “बस!” म्हणाले. “चाचणी नाही, काही नाही. सोमवारी ठाण्याला जायचं.” आणि त्यांनी ट्रंक ओढून काढली आणि नागली ओतायला टोपली घेतली.

आईने झाकणावर हात ठेवला. ती वडिलांकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत म्हणाली, “डॉक्टरला सांग,” आणि बोलू लागली.

मला नको होतं. पण ती बोलायची थांबली आणि मी सुरू केलं. आवाज काही खणखणीत निघाला नाही.

“मला एकच मुलगा आहे. या घरात मी गोठ्यात जाऊन गाईशी बोलते, कारण ती माझ्या चुका काढत नाही. गेले चार दिवस मी माणसाशी बोलतेय. हा ठाण्याला गेला तर मला पुन्हा गाईकडेच जावं लागेल.”

हे मी वडिलांच्या शुद्ध मराठीत सांगितलं, एकही चूक न करता. मला वडिलांची फार दया आली. माझी स्वतःची लाज वाटली, कारण शाळेतल्या मित्रांसमोर आईच्या बोलण्यावर मीही हसलो होतो. वडील टोपली हातात धरून उभे होते. मग त्यांनी ती खाली ठेवली आणि सरळ आईकडे बघून, मला मधे न घेता, म्हणाले,

“नाय जानार तो.”

आई वळली. मला वाटतं, तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं बोलणं तिला आपलं वाटलं होतं.

चाचणी बाजाराच्या दिवशी मोखाड्याला होती. एका खोलीत टेबल, टेबलामागे एक तरुण डॉक्टर आणि एक पोट सुटलेले साहेब, साहेबांपुढे बिस्किटांचा पुडा. पेशंट म्हणून कुणीतरी बाजारातल्या एका म्हाताऱ्या बाईला आणून बसवलं होतं. तिला काय सांगायचं ते पढवलेलं होतं: तीन दिवस ताप, कोरडा खोकला, भूक नाही. हे माझ्या आधी गेलेल्या उमेदवाराने बाहेर येऊन आम्हाला सांगितलं. “सोपं आहे,” तो म्हणाला. “म्हातारी काही का बोलेना, आपण ताप-खोकला म्हणायचं.”

मी आत गेलो. डॉक्टरांनी विचारलं, “काय त्रास होतोय, बाई?” मी ते बोलीत विचारलं. (आता कुणी हसलं नाही.) म्हातारीने माझ्याकडे पाहिलं आणि ती जे बोलू लागली, त्यात ताप नव्हता. खोकलाही नव्हता.

डोळ्यांपुढे ट्रंक उभी राहिली. ताप-खोकला म्हटलं की नोकरी, आणि म्हातारी जे म्हणत होती ते म्हटलं की ठाणे! पण कानात अकरा बाया ओरडत होत्या.

“मला काहीही झालेलं नाही,” मी खणखणीत म्हणालो. “नसलेलं दुखणं तोंडाने काढू नये, ते लागतं. सकाळपासून मला इथे बसवून ठेवलंय. चार जण आले आणि चौघांनीही मला ताप आणला. मला ताप नाही. मला भूक लागली आहे.”

साहेबांनी हातातल्या कागदावर नजर फिरवली. “हे यात नाही,” ते म्हणाले.

म्हातारी आणखी एक वाक्य बोलली. साहेबांकडे बोट करून.

“काय म्हणतायत?” डॉक्टरांनी विचारलं.

मी बिस्किटांच्या पुड्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. म्हातारीला मराठी येत असावी, कारण ती माझी परीक्षा घेत असल्यासारखी माझ्याकडे बघत होती.

“सांगा ना,” डॉक्टर म्हणाले.

“हा पोट सुटलेला माणूस मघापासून एकटाच बिस्किटं खातोय,” मी म्हणालो, “आणि मला विचारतही नाही!”

बाहेर बाजारात मिरचीचा भाव सांगणारा माणूस स्पष्ट ऐकू आला. मग डॉक्टरांनी खिशातून रुमाल काढला आणि तोंडावर धरला. त्यांचे खांदे हलत होते. साहेब लालबुंद झाले होते, पण त्यांनी पुडा उचलला आणि टेबलावरून म्हातारीकडे सरकवला. म्हातारीने दोन बिस्किटं घेतली, एक खाल्लं, एक कनवटीला लावलं आणि मला म्हणाली, “आता विचार काय विचाराचा तो.”

मी पास झालो. साहेबांनी माझ्या कागदावर शेरा लिहिला होता: ‘उमेदवार काहीही गाळत नाही.’ ही शिफारस होती की तक्रार, ते मला आजवर कळलेलं नाही.

निकाल घेऊन वडील स्वतः मोखाड्याहून आले, त्याच दिवशी बाजारातून आईला साडी घेऊन. लाल! इतकी लाल की ती नेसून आई गोठ्यात गेली तेव्हा गाईने दावं तोडलं. सगळा पाडा गाईच्या मागे धावला, धावजीकाका आणि काशीमावशी एकाच दिशेने धावले आणि धावता धावता बोलू लागले. संध्याकाळी आई ओटीवर बसली आणि मला म्हणाली, “मास्तरला सांग, साडीचा रंग जातोय.”

“तूच सांग की,” मी म्हणालो.

आईने सांगितलं. बोलीत. वडिलांनी एकही शब्द दुरुस्त केला नाही.

त्याला आता खूप वर्षं झाली. रुग्णालयाच्या खुर्चीवर बसून मी किती वेळा बाळंत झालो, किती जणींच्या सासवांना शिव्या दिल्या, किती मुलांची आई म्हणून रडलो, त्याला गणती नाही. पदरचं मात्र कधी काही घातलं नाही. आईला जाऊन सहा वर्षं झाली. ट्रंकेत अजून नागलीच असते. संध्याकाळ झाली की वडील काठी टेकत गोठ्यात जातात आणि गाईशी बोलत बसतात. बोलीत बोलतात. चुकतात फार, पण मी पट्टी घेत नाही.

एवढंच की या धंद्याची सवय माझ्या अंगात मुरली. माझी बायको कधीकधी वैतागून विचारते, “सगळ्यांचं सांगता, तुम्हाला स्वतःला काय वाटतं ते सांगा ना!” आणि मी अजूनही आधी मागे वळून बघतो, कोण बोलणार आहे ते.